धूर की धूळ

आमच्या जावईबुवांना प्रवासाहून परत आल्यावर एक ठरलेलं दुःख होतं. बॅगा दारातच पडलेल्या असतात, लेक कपडे मशीनला लावत असते, आणि हे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एकेक फोटो पूर्ण मोठा करून बघत बसतात. थोड्या वेळाने हाक येते, "बाबा, हा पण सॉफ्ट आलाय." सॉफ्ट म्हणजे बिघडलेला नव्हे. फोनवर बघितलात तर उत्तम. मोठ्या पडद्यावर जवळ गेलं की मात्र पानाची कड पानावर थांबत नाही, जराशी बाहेर सांडते. कॅमेरा महागाचा आहे. लेन्सची किंमत मी एकदा विचारली, त्यानंतर तो विषय काढलेला नाही.

मी वाईचा. सारी नोकरी संस्कृत शिकवण्यात गेली, त्यातही दर्शनांचे पाठ जास्त. लेक इथे स्टेट कॉलेज नावाच्या गावात, पेन स्टेट विद्यापीठात संशोधन करते, म्हणून आम्ही दोघं अधूनमधून पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगररांगांत येऊन राहतो. कॅमेऱ्यातलं मला कळायचं काही कारण नव्हतं. पण जावईबुवा फोटो का बिघडला याची कारणं सांगू लागले, आणि ऐकता ऐकता मला वाटलं, ही यादी तर मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली आहे.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सातवी कारिका आहे. वस्तू आहे, तरी दिसत नाही, असं का होतं याची तिथे आठ कारणं दिली आहेत. वस्तू फार लांब असते किंवा फार जवळ. इंद्रियात दोष असतो किंवा मन जागेवर नसतं. वस्तू फार सूक्ष्म असते, मध्ये काही आड येतं, दुसरं काही प्रबळ तिला झाकोळून टाकतं, किंवा ती आपल्यासारख्याच वस्तूंत मिसळून जाते. ग्रंथ दीड हजार वर्षांहून जुना आहे. सहाव्या शतकात परमार्थाने टीकेसकट त्याचं चिनी भाषांतर केलं, म्हणजे तोवर त्याचं नाव झालेलं होतं. जावईबुवांचा संगणक या आठांबाहेरचं नववं कारण अजून सांगू शकलेला नाही.

माउंट निटनीचंच बघा. गावाच्या पूर्वेला हा डोंगर आहे, आणि वरच्या कठड्यापासून सगळं विद्यापीठ दिसतं. लाखाहून जास्त माणसं बसतील असं बीव्हर स्टेडियम तिथून वाटीएवढं होतं. जावईबुवांनी लांबची लेन्स लावून त्याचे फोटो काढले, तिपाईवर ठेवून, श्वास रोखून. तरीही सॉफ्ट. दोष लेन्सचा नव्हता आणि हाताचाही नव्हता. मधल्या काही किलोमीटरांत जुलैची दमट हवा होती, खालच्या तापलेल्या डांबरावरून वर येणारी ऊन हवा तिच्यात मिसळत होती. लेन्स जितकी लांबची, तितकी ती थरथरही मोठी होऊन येते. कारिकांचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांनी अतिदूरतेला आकाशात उंच गेलेल्या पक्ष्याचं उदाहरण दिलं आहे. तो पक्षी आहे, पण आपल्याला दिसत नाही. आमचं स्टेडियम निदान दिसलं तरी.

पेन्स केव्हमध्ये मात्र वेगळंच झालं. सेंटर हॉल गावाजवळची ही चुनखडीची गुहा पाण्याने भरलेली आहे, आत होडीतूनच जावं लागतं. अंधार, त्यात होडी डुलते, शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. आतले फोटो हलणार हे जावईबुवांना आधीच ठाऊक होतं. त्यांना राग आला तो बाहेरच्या फोटोंचा. आत सुमारे ११ अंश तापमान, बाहेर जुलैचं दमट ऊन. गार पडलेली काच बाहेर आली आणि तिच्यावर बाष्प धरलं. डोळ्याला दिसेल न दिसेल इतकंच. वाचस्पती म्हणतात, डोळ्यातलं काजळ डोळ्याला दिसत नाही. एवढ्या लांबचं झाड टिपायला निघालेल्या यंत्राला स्वतःच्या काचेवरचं पाणी दिसलं नाही. नायगाराचं मी सांगत नाही. इथे आलेल्या प्रत्येक मराठी आईवडिलांना नायगारा दाखवला जातो, आणि प्रत्येकाच्या फोटोत लेन्सवरचा थेंब धबधब्यापेक्षा मोठा येतो.

हरणांचं कारण आठवं. ऑक्टोबरात इथल्या रानात पाचोळा पडतो, त्यात पांढऱ्या शेपटीचं हरीण उभं राहिलं की पाचोळ्याचंच होऊन जातं. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बिचारा पुढची काटकी धरतो आणि ती अगदी रेखीव येते. दुसरे टीकाकार गौडपाद यांनी याला मुगाच्या राशीत टाकलेल्या मुगाचा दाखला दिला आहे. मन जागेवर नसण्याचं कारण मी जावईबुवांपुढे काढत नाही, कारण गाडी चालवता चालवता काढलेल्या फोटोंवरून लेक त्यांना पुरेसं बोललेली असते.

मला सगळ्यांत आवडलं ते सूक्ष्मतेचं कारण. जावईबुवांनी निटनीचे काही फोटो एफ २२ वर घेतले होते, म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक करून. भोक बारीक केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं असा समज. येतंही, पण एका मर्यादेपर्यंत. त्यापुढे प्रकाशच आडवा येतो. बारीक भोकातून जाताना तो पसरतो, आणि एक बिंदू बिंदू न राहता छोटी चकती होते. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८३५ साली तिचं गणित मांडलं. एफ २२ वर हिरव्या उजेडाची ही चकती मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांश रुंद होते. जावईबुवांच्या कॅमेऱ्यातला पिक्सेल मिलिमीटरच्या चार सहस्रांशांएवढा. म्हणजे एका बिंदूने सात पिक्सेलांची रुंदी व्यापली. लेन्स कितीही किमतीची घ्या, यात फरक पडत नाही. दिसण्याचं साधन आहे प्रकाश, आणि दिसण्याची सीमाही त्यानेच आखलेली.

सांख्यांना ही आठ कारणं फोटोसाठी नको होती. पुढच्याच कारिकेत त्यांना म्हणायचं आहे, की प्रकृती दिसत नाही ती सूक्ष्म असल्यामुळे, नसल्यामुळे नव्हे. न दिसणं हा नसण्याचा पुरावा होत नाही. युक्तिवाद भक्कम आहे. पण सॉफ्ट फोटोच्या बाबतीत तो एक पायरी अलीकडे थांबतो, कारण इथे वस्तू दिसलेली आहे, फक्त ठाम दिसलेली नाही. अशा अर्ध्या दिसण्याचं काय करायचं? त्यासाठी नैयायिकांच्या दारात जावं लागतं.

गौतमाच्या न्यायसूत्रात प्रत्यक्षाची व्याख्या आहे. इंद्रियाचा वस्तूशी संबंध आला आणि ज्ञान झालं, एवढ्याने ते प्रत्यक्ष होत नाही. ते न चकवणारं हवं आणि निश्चित हवं. या दोन अटी वेगळ्या का, हे भाष्यकार वात्स्यायनाने दोन उदाहरणांनी सांगितलं आहे. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवर पाणी दिसतं. माणूस अगदी निश्चित सांगतो की पाणी आहे, आणि ते नसतं. दुसरा माणूस लांबवर काही उठताना बघतो, आणि धूर आहे की धूळ हे त्याला ठरवता येत नाही. पहिल्याला भ्रम झाला, दुसऱ्याला संशय आहे. दोघांनाही प्रत्यक्ष ज्ञान झालं नाही, पण दोघांची अवस्था एक नव्हे. संशय असलेला माणूस चार पावलं पुढे जाऊन बघतो. भ्रम झालेल्याला पुढे जायचं कारणच वाटत नाही. तो घागर घेऊन निघतो.

माझं म्हणणं एवढंच, की सॉफ्ट फोटो दुसऱ्या माणसाचा आहे. तो चुकीचं काही सांगत नाही, कमी सांगतो. जावईबुवा रात्री बसून त्याचं जे करतात ते मला पहिल्या माणसाकडे नेणारं वाटतं.

ते करतात असं. संगणकावर एक पट्टी सरकवली की फोटो रेखीव होतो. कसा, ते मी त्यांच्याकडून समजून घेतलं. यंत्र आधी फोटोची आणखी धूसर प्रत बनवतं. मूळ आणि ही धूसर प्रत यांत जिथे फरक पडतो तिथे कड असणार असं धरतं, आणि कडेची काळी बाजू आणखी काळी, उजळ बाजू आणखी उजळ करतं. फिल्मच्या काळात अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवर धूसर पॉझिटिव्ह ठेवून हेच करत असत. नवा तपशील एकही येत नाही, डोळ्याला मात्र आल्यासारखा वाटतो. पट्टी जरा जास्त सरकली की निटनीच्या कड्याभोवती पांढरी रेघ उमटते, जी डोंगरावर कधी नव्हती. थोडक्यात केलं तर माझी तक्रार नाही. आमच्या लग्नाच्या फोटोतही स्टुडिओवाल्याने पेन्सिलीने भुवया काढल्या होत्या.

एका फोटोच्या वेळी मात्र मी आडवा गेलो. सेव्हन माउंटन्स ओलांडून पलीकडे बिग व्हॅली लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे आमिश लोक राहतात. बुधवारी बेलव्हिलला बाजार भरतो. त्यांच्या घोडागाड्यांची टपं तीन रंगांची, पांढरी, पिवळी आणि काळी; रंगावरून कोणत्या मंडळीतला माणूस ते कळतं. फोटोसाठी उभं राहणं त्यांच्या धर्मात बसत नाही. मूर्ती घडवू नये या आज्ञेचा ते तसा अर्थ घेतात, शिवाय स्वतःचं रूप मिरवणं हा त्यांना गर्व वाटतो. जावईबुवांनी चालत्या गाडीतून, काचेतून, लांबून एका पांढऱ्या टपाच्या गाडीचा फोटो घेतला होता. हाकणाऱ्याच्या जागी हॅट, दाढीचा एक धब्बा, बाकी काही नाही. हल्ली चेहरा स्पष्ट करून देणारी ॲप मिळतात, त्यातल्या एकात ते हा फोटो टाकणार होते. मी म्हटलं, "तो चेहरा कुणाचा येईल?" यंत्राने हजारो दाढ्या पाहिल्या असतील, त्यांतून एक नाक, दोन डोळे काढून इथे बसवील. ज्या माणसाने आपला चेहरा द्यायचं नाकारलं त्याला आपण परका चेहरा चिकटवायचा, हे कोणत्या धर्मात बसतं? जावईबुवा समजूतदार आहेत. फोटो तसाच राहिला.

वादाला खरी धार चढली ती संकष्टीला. आमची ही संकष्टी धरते, चंद्र बघून अर्घ्य देते आणि मग जेवते. कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ इथे उपयोगाची नाही, म्हणून लेक इथली वेळ काढून देते. वर निटनीच्या डोंगराची उंची धरावी लागते. त्या दिवशी वेळ होऊन गेली, आणि पूर्वेला ढगातून फक्त एक पिवळट डाग. आहे म्हणावा तर आहे, चंद्र म्हणावा तर खात्री नाही. जावईबुवांनी नवा फोन वर धरला आणि घरात येऊन दाखवला. चंद्र! जवळजवळ गोल, डाव्या-उजव्या खड्ड्यांसकट, आमच्या वाईच्या गच्चीवरूनही असा कधी दिसला नाही.

ही ताम्हन घेऊन उभी होती. तिने फोनकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग मला विचारलं, "अहो, हा चंद्र चालेल का?"

प्रश्न धर्मशास्त्राचा वाटतो, पण आधी तो प्रमाणशास्त्राचा आहे. २०२३ साली एकाने गंमत केली होती. चंद्राचं चित्र मुद्दाम धूसर करून त्याने ते संगणकाच्या पडद्यावर लावलं, अंधारात लांबून फोनने त्याचा फोटो घेतला, आणि फोनने त्याला खड्डे भरून दिले. चित्रात नव्हतेच ते. फोनला चंद्र ओळखता येत होता, आणि त्याने आधी शिकलेल्या चंद्रांतून हा सजवला. नैयायिक भ्रमाला जी अन्यथाख्याती म्हणतात ती हीच. शिंपल्यावर चांदी दिसते, तेव्हा चांदी खोटी नसते. ती बाजारात सराफाच्या दुकानात पाहिलेली खरी चांदी असते, स्मरणाने इथे आणून बसवलेली. फोनमधले खड्डेही खरेच होते. ते कुठल्या तरी दुसऱ्या रात्रीचे होते.

जावईबुवा ऐकून घेणारे नाहीत. ते म्हणाले, "बाबा, मग माझ्या कॅमेऱ्यातला एकही फोटो तुम्हाला चालायला नको." सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची गाळणी असते, निम्म्यांवर हिरवी, पावावर तांबडी, पावावर निळी. इथून उत्तरेला रॉचेस्टरमध्ये कोडॅक कंपनी आहे, तिथल्या ब्राइस बायरची ही रचना, पेटंट १९७६ चं. प्रत्येक पिक्सेल आपल्यापुरता एक रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढतो. म्हणजे रंगाच्या आकड्यांत दोन तृतीयांश अनुमानच. त्यातून खोटे पट्टे उमटू नयेत म्हणून काही सेन्सरांपुढे एक पडदा बसवतात, तो प्रतिमा मुद्दाम किंचित पसरवतो. फोटो सॉफ्ट येण्याचं तेही एक कारण. "आणि तुमचा डोळा?" त्यांनी विचारलं. डोळ्याच्या पडद्यावर शीर बाहेर पडते तिथे काहीच दिसत नाही, ती जागा मेंदू आजूबाजूच्यावरून भरून काढतो.

आक्षेप चांगला होता. रात्रभर मला तो पुरला. दिङ्नागाच्या परंपरेतला बौद्ध असता तर त्याने तिथेच टाळी दिली असती. त्यांच्या मते ज्यात कल्पनेचा लवलेश नाही तेवढंच प्रत्यक्ष, त्याला नाव दिलं की कल्पना सुरू. मला तितकं कडक होता येत नाही. अनुमान हे खोटं नव्हे, प्रमाणच आहे, फक्त त्याला हेतू लागतो, आणि तो हेतू समोरच्या पक्षावर प्रत्यक्ष हजर असावा लागतो. डोंगरावर धूर आहे म्हणून तिथे अग्नी. शेजारच्या गावातल्या धुरावरून नव्हे. बायरचा पिक्सेल शेजारच्या पिक्सेलला विचारतो, तोही त्याच क्षणी त्याच हरणाकडे बघत असतो. डोळा जी जागा भरतो ती पुढच्याच हालचालीत पुन्हा बघितली जाते आणि चूक असली तर उघडी पडते. फोनने मात्र त्या ढगातल्या डागाला काही विचारलंच नाही. ओळख पटली, एवढ्यावर उत्तर दिलं.

तेव्हा हिला मी सांगितलं, की फोनमधला चंद्र नको. घरची रीत अशी, की ढग असले तर वेळ झाल्यावर पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यायचं. तेही अनुमानच आहे, पण गणिताचं, आणि चंद्र दिसल्याचं सोंग त्यात नाही. शिवाय डाग तर होताच. धूर की धूळ असा, पण होता. हिने अर्घ्य दिलं, आम्ही जेवलो.

एवढ्यावर मी जिंकलो असं मला वाटलं होतं. पण हिचं माहेर नाशिककडचं, आणि वणीची सप्तशृंगी त्यांची कुलदेवता. २०२२ साली देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदूर उतरवला, हजार किलोंहून जास्त निघाला, आणि खालून जुनं मूळ रूप बाहेर आलं. हिने लहानपणापासून पाहिली ती शेंदराखालची, गोल झालेल्या नाकाडोळ्यांची देवी. नवं रूप टीव्हीवर पाहिलं तेव्हा ही बराच वेळ गप्प होती. मी तिला म्हटलं, बघ, स्पष्टता मला नको आहे असं नाही. काचेवरचं बाष्प पुसून आलेली स्पष्टता चालते, शेंदूर उतरवून आलेली चालते. मधला आडोसा काढला, वस्तूत काही घातलं नाही. भर घालून आलेली स्पष्टता तेवढी नको.

"आणि आपल्या तांदळ्याला डोळे कोण लावतं?" ही म्हणाली.

आमच्या वाईच्या घरी देवीचा तांदळा आहे, शेंदूर फासलेला गोटा. त्याला ना नाक ना तोंड. नवरात्रात त्याला मेणाने चांदीचे डोळे चिकटवतो, वर मुखवटा. ते डोळे दगडात नव्हते. ही म्हणते तसं, ते आम्हीच घातले आहेत, आणि डोळे बसवल्याशिवाय तिला देवी आपल्याकडे बघतेय असं वाटत नाही.

लेक हसत होती. जावईबुवांनी लॅपटॉप मिटला, इतका त्यांना हा वाद आवडला. मला मात्र उत्तर शोधावं लागलं, आणि ते मला पुरतं पटलेलं आहे असंही नाही. तांदळ्याचे डोळे सोनाराने घडवले हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दसरा झाला की ते काढून, पुसून, कापसात गुंडाळून डबीत जातात, दगड उरतो, आणि रोजची पूजा त्या दगडाची होते. मुखवटा आपण मुखवटा असल्याचं लपवत नाही. फोनचा चंद्र डबीत काढून ठेवता येत नाही, कारण कुठला भाग आकाशातला आणि कुठला कंपनीतला हे तो सांगत नाही.

"म्हणजे खाली बारीक अक्षरांत लिहिलं, की यातले खड्डे आमच्याकडचे, तर तुमची हरकत नाही?" जावईबुवांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. मग खुशाल भिंतीवर लावा.

"भिंतीवर लावा," ही म्हणाली, "अर्घ्याला तो डागच बरा."